मूळ प्रतींची विल्हेवाट

माझे वडील वारल्यानंतर आठ महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, आमच्या मागच्या खोलीत खाकरले. हे मीच घडवून आणलं होतं, हे आधीच कबूल करतो. तरीसुद्धा माझ्या हातातली बशी पडली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, हळू. बाबा वाचतायत." म्हणाली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

झालं असं. बाबा रोज दुपारी दोन ते चार आईला पुस्तक वाचून दाखवायचे. एक दिवस नाही की दोन दिवस नाही, पन्नासहून जास्त वर्षं. आधी आई शिवणयंत्रावर बसून ऐकायची. मग तिची नजर अधू झाली, यंत्र गेलं, ऐकणं राहिलं. बाबा गेले आणि ते दोन तास घरात तसेच पडून राहिले. आई दोनला मागच्या खोलीत जाऊन बसायची, चारला बाहेर यायची आणि मधल्या वेळात काहीही व्हायचं नाही. हळूहळू तिचं जेवण कमी झालं. दोन घास खाऊन ताट सारायची. डॉक्टर म्हणाले, "शरीरात काही नाही. मन उडालंय. पण असंच चाललं तर शरीरातही व्हायला वेळ लागणार नाही. त्यांना कशात तरी गुंतवा."

म्हणून मीच वाचायला बसलो. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस आहे मी, माझा आवाज भर बाजारात व्यापाऱ्यांनी ऐकलेला आहे. पण गेल्या काही वर्षांत माझं सगळं वाचन फोनवर, दोन ओळी वाचायच्या आणि अंगठ्याने वर सरकवायचं. कागदाच्या पानावर मी तसाच अंगठा सरकवत बसलो. पान काही हलेना. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "राहू दे रे. तू निविदा वाचल्यासारखं वाचतोस." माझ्या तोंडावर असं पहिल्यांदाच कोणी म्हणालं होतं.

परगावी असलेल्या लेकीने फोनवर तोडगा काढला. आजोबांची सगळी पुस्तकं स्कॅन करायची, टॅबलेटमध्ये घालायची आणि त्यांच्याच आवाजात वाचून घ्यायची.

"त्यांच्या आवाजात कोण वाचणार?" मी विचारलं.

"कोण म्हणजे काय बाबा, मशीन. आजोबांचे नऊ व्हॉइस मेसेज आहेत माझ्याकडे. तेवढे पुरतात."

नऊ निरोप मी ऐकले. 'किल्ली विसरलीस.' 'पोचलीस की कळव.' 'छत्री खालीच राहिली.' असे सगळे. या नऊ वाक्यांवरून चारशे बारा पुस्तकं वाचणारा माणूस उभा राहणार होता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक शेजारी राहतात. वरून सल्ले देतात म्हणून आम्ही घरात त्यांना 'उंटावरचे' म्हणतो. त्यांना ही बातमी कळायला अर्धा तास लागला. "उत्तम," ते म्हणाले. "हल्ली कागद ठेवतं कोण? वाळवी लागते. पुस्तकं ढगात ठेवतात आता."

"कुठे?" आईने विचारलं.

"ढगात. वर."

"मग यांच्या हाताशीच आहेत म्हणा," आई म्हणाली. उंटावरच्यांना त्या दिवशी पुढचा सल्ला सुचला नाही.

स्कॅनिंग केंद्र एका जुन्या छापखान्याच्या जागेत होतं. भिंतीला अजून शाईचा वास होता, पण छापायची यंत्रं जाऊन तिथे काचेच्या पेट्या आल्या होत्या आणि प्रत्येक पेटीत उजेड इकडून तिकडे सरकत होता. खिडकीतल्या माणसाने सतरा रकान्यांचा अर्ज दिला. त्याने मान वर केली नाही, त्यामुळे त्याचा चेहरा मी कधी नीट पाहिलेला नाही. अकराव्या रकान्यात लिहिलं होतं, 'ज्यांचा आवाज वापरायचा त्यांची सही.'

"ते वारले," मी म्हणालो.

"हरकत नाही. नंतर आणून द्या."

त्याने रकान्यासमोर शिसपेन्सिलीने 'प्रलंबित' लिहिलं.

चौदावा रकाना 'मूळ प्रतींची विल्हेवाट' असा होता. पर्याय दोन : ग्राहक स्वतः लावील, किंवा केंद्राने लावावी. आता इथे मी जे केलं त्याबद्दल बायको मला अजून बोलते, म्हणून माझी बाजू मांडतो. आमच्या खात्यात आम्ही रोज प्रकरणांची विल्हेवाट लावायचो. विल्हेवाट लागलेलं प्रकरण म्हणजे नोंद झालेलं, दोरी बांधलेलं, क्रमांक पडलेलं आणि कपाटात सुखरूप ठेवलेलं प्रकरण. एकतीस वर्षांत मी हजारो प्रकरणांची विल्हेवाट लावली आणि त्यातला एक कागद हरवला नाही. तेव्हा केंद्र जर आपण होऊन विल्हेवाट लावायला तयार असेल, तर नाही म्हणणारा मी कोण? मी 'केंद्राने लावावी' यावर ठसठशीत खूण केली.

"आणि खुणांचं काय करायचं?" आतून दुसऱ्याने विचारलं. बाबांच्या पुस्तकांत जागोजाग पेन्सिलीचे कंस होते आणि कंसाच्या बाहेर, समासात, बारीक अक्षरात 'सो.' असं लिहिलेलं होतं. कुठे अर्धं पान कंसात, कुठे चार-चार पानं. "पुसायच्या, की मशीनला समजावून द्यायच्या? अर्थ सांगितलात तर त्याप्रमाणे वाचेल ते."

अर्थ शोधायला मी एक दिवस मागून घेतला. बायको म्हणाली 'सोपं' असेल. उंटावरचे म्हणाले, "सोमवार. मला काही शंका वाटत नाही." मग ते सोमवार का, याची कारणं त्यांनी वीस मिनिटं दिली. मी मात्र शांतपणे विचार केला. ज्या माणसाने आयुष्यभर पुस्तकं जपली, कधी पानाचा कोपरा दुमडला नाही, तो कंस कशाला करील? उत्तम उताऱ्यालाच करील. सो. म्हणजे सोनेरी. आईला विचारावं असं कोणालाच सुचलं नाही. तिला तर आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. मी केंद्रात जाऊन रुबाबात सांगितलं, "कंसातले भाग सावकाश वाचायचे. आधी क्षणभर थांबायचं. शब्द न् शब्द पोचला पाहिजे."

आणि त्या मंगळवारी बाबा खाकरले.

आवाज हुबेहूब होता, पण सूर त्या नऊ निरोपांचा होता. त्यामुळे कुठलंही वाक्य बाबा जिन्याखालून ओरडून सांगतायत असं वाटायचं. 'सकाळ झाली. पाखरं उडाली.' हेसुद्धा असं, की आपण काहीतरी विसरून आलोय. आईने टॅबलेट बाबांच्या खुर्चीवर ठेवायला लावला होता. ती समोर बसून ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी दारातूनच परत फिरलो. त्या रात्री तिने पूर्ण ताट संपवलं. मी लेकीला फोन करून स्वतःची भरपूर स्तुती करून घेतली.

पहिले आठ-दहा दिवस सोन्यासारखे गेले. घरात आमची मात्र जरा पंचाईत झाली. दोन ते चार मी, बाबांसमोर चालायचो तसा, पोट आत घेऊन चालायला लागलो. बाहेर जायचं असलं की मागच्या खोलीच्या दाराशी थांबून "येतो हं" म्हणायचो आणि मग कोणाला म्हणालो ते आठवून घाईने चपला घालायचो. एकदा वाचता वाचता आवाज थांबला. सोनेरी भागाआधीची ती थांबण्याची सोय मीच करून घेतली होती, हे मला माहीत होतं. तरी त्या शांततेत मला असं वाटलं, की खुर्चीतून कोणीतरी माझ्याकडे बघतंय. मग आवाज आला. अगदी सावकाश, शब्द न् शब्द सुटा. "ती... परत... आली... नाही."

त्या संध्याकाळी आईने अर्धं ताट ठेवलं. "काय झालं?" मी विचारलं.

"शाळेतल्या बाई गेल्या," आई म्हणाली.

"कुठल्या शाळेतल्या?"

ती उठून हात धुवायला गेली. दोन दिवसांनी म्हणाली, "तो डाकघरातला पोरगेला कारकूनही गेला. तापाने." मग बोटीवरचा तांडेल गेला, त्याचा आंधळा भाऊ गेला. आई रोज एकेकाचं जाणं सांगायची, ओळखीचं माणूस गेल्यासारखं, आणि ताट सारायची. मी आणि बायको एकमेकांकडे बघायचो. आईचं डोकं हलायला लागलं असं मला वाटलं, आणि ते वाटणं फार भयंकर होतं. दुपारी घरात बाबांचा आवाज जिन्याखालून मेलेल्या माणसांची नावं घेत असायचा आणि संध्याकाळी आई ती यादी आमच्यापुढे ठेवायची.

एका सकाळी दार वाजलं. दारात उंटावरचे उभे. पांढरा सदरा, चेहरा उतरलेला, डोळे जमिनीकडे. बायकोने दार उघडलं होतं. "फार वाईट झालं," ते म्हणाले, "कालच आजींनी जिन्यात सांगितलं. थोरली सून गेली, विहिरीत..." इथे त्यांनी मान वर केली. आमच्या घरातली थोरली सून, म्हणजे माझी बायको, हातात केरसुणी घेऊन समोर उभी होती. उंटावरचे भिंतीला टेकले. थोड्या वेळाने पाणी पिऊन त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "पण मग पंचनामा झाला का?" माणसाची सल्ल्याची सवय अशी असते. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जणू तिला विहिरीत मीच ढकललं होतं.

त्या दुपारी मी आईसमोर जाऊन बसलो आणि टॅबलेट बंद केला.

"आई, थोरली सून म्हणजे कोण?"

"वैद्यांच्या वाड्यातली. चार खंडांची कादंबरी नाही का ती. तुझा धाकटा भाऊ पाळण्यात होता तेव्हा वाचली यांनी." आईने बाबांच्या खुर्चीकडे मान वळवली. "ती माहेरी गेली म्हणाले होते. मी म्हटलं, बरं झालं, सुटली बिचारी. इतकी वर्षं मी तिला माहेरीच समजत होते. ती माहेरी गेली नव्हती रे. विहिरीत गेली होती."

आईचं डोकं शाबूत होतं. नासलं होतं ते माझं. मी आतल्या खोलीत जाऊन स्कॅन केलेली पानं एकेक मोठी करून बघायला लागलो. कंस, 'सो.', कंस, 'सो.'. प्रत्येक कंसात कोणीतरी मरत होतं किंवा कोणीतरी कोणाला फसवत होतं. आणि बाराव्या का तेराव्या पुस्तकात, बाबांनी अजून संक्षेप ठरवला नसावा तेव्हाच्या पानावर, समासात पुरतं लिहिलेलं होतं, 'सोड. ती जेवणार नाही.'

सोड. पन्नास वर्षं बाबांनी आईला कोणीही न मरणारी पुस्तकं वाचून दाखवली होती. समोर विहीर छापलेली असताना ते तिला माहेर म्हणून सांगत होते. आणि मी त्यांनी झाकलेला प्रत्येक मुडदा त्यांच्याच आवाजात, सावकाश, शब्द न् शब्द पोचेल असा, तिच्यापुढे आणून ठेवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे तर मी वडिलांचा हात दाखवला होता. मला तिथेच रडू आलं आणि मी रडलो.

मूळ पुस्तकं तरी परत आणावीत म्हणून केंद्रावर गेलो. खिडकीतल्या माणसाने अर्ज काढला, चौदावा रकाना बोटाने दाखवला. "विल्हेवाट लावली, साहेब."

"म्हणजे कुठल्या कपाटात?"

त्याने मला मागच्या दारापाशी नेलं. तिथे पोती रचलेली होती. पाठीचा शिवलेला भाग एका बाजूने सरळ कापून काढल्याशिवाय पानं पेटीतून जात नाहीत, असं त्याने समजावलं. पानं लगद्याला गेली, पाठी तेवढ्या राहिल्या. उघड्या पोत्यात कापलेल्या कण्यांचा ढीग होता. वरच्या दोन-तीन पाठींवर बाबांच्या अक्षरातले क्रमांक होते. मी पोत्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

"खुणांचा अर्थ बदलून मिळेल," तो म्हणाला. "'सावकाश' होतं त्याचं 'वगळा' करतो. एका मिनिटाचं काम आहे. आणि ती अकराव्या रकान्यातली सही अजून आलेली नाही."

दुसऱ्या दिवशी दोनला बाबांनी नवीन पुस्तक सुरू केलं. आता ते कंस वगळून वाचत होते, जसे पूर्वी वाचायचे तसेच. मी दारात उभा राहून सुटकेचा श्वास घेतला. पाच मिनिटांत आई म्हणाली, "थांबव."

मी थांबवलं.

"आत्ता काय सोडलं?"

"कुठे काय सोडलं?"

"मी जन्मभर शिवण केलं आहे. उसवून परत घातलेली टीप मला बोटाला कळते, कानाला कळणार नाही? त्यांच्या वाचण्यातही कळायची. पण ते होते, म्हणून मी चालवून घ्यायची. हे ते नाहीत."

"आई, तू जेवत नाहीस. म्हणून..."

"जेवायचं की नाही ते माझं मी बघेन." तिने चाचपडत टॅबलेट हातात घेतला आणि खुर्चीवरून उचलून पलंगावर पालथा ठेवला. मग माझ्या दिशेने वळली. तिला मी नीट दिसत नाही, तरी ती माझ्याकडेच बघत होती. "त्यांनी पुस्तकात सोडलं. तू कुठे सोडलंस?"

"मी? मी कशाला..."

"हॉस्पिटलात. झोपेत गेले म्हणालास. ते खरं वाच आता."

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी मंत्र्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सांगायचं हे होतं, की बाबा झोपेत गेले नव्हते. पहाटेपासून जागे होते, शुद्धीत होते आणि आईला बोलवत होते. तिचं हृदय अशक्त, तिला त्रास नको, म्हणून मी तिला आणलं नाही. गाडी पाठवतो म्हणालो आणि पाठवली नाही. सकाळी साडेआठला ते गेले. हे मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. आता सगळं सांगितलं.

आईने दोन्ही हात मांडीवर घेतले. मग म्हणाली, "काय म्हणत होते?"

"हाक मारत होते तुला."

"कशी?"

"नेहमीची. 'अगं, ऐकलंस का.'"

"किती वेळा?"

मी मोजलं नव्हतं असं म्हणणार होतो. पण मी मोजलं होतं. "अकरा," मी म्हणालो.

"मार."

"काय?"

"हाक मार. तशीच. सगळ्या मार."

मला वाटलं होतं ती रडेल, मला बोलेल, निघून जा म्हणेल. ती पदर नीट करून बसली. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "अगं, ऐकलंस का."

"ओ," आई म्हणाली.

मी दुसरी मारली. तिने ओ दिली. चौथ्या-पाचव्या हाकेला माझा आवाज लाजायचा थांबला. सातव्या हाकेला तो माझा राहिला नव्हता. तो जिन्याखालून येत होता. बायको धावत दारात आली, पलंगावर पालथ्या पडलेल्या टॅबलेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चौकट धरून उभी राहिली. मी थांबलो नाही. आई प्रत्येक हाकेला ओ देत होती, लगेच, जराही उशीर न करता, पलीकडचं माणूस थांबून आहे हे माहीत असल्यासारखी.

अकरावी हाक झाली. तिने ओ दिली. मग ती थोडा वेळ तशीच, मान जरा तिरकी करून, बसून राहिली. पुढची हाक आली नाही.

"झालं," ती म्हणाली. "वाढ मला."